दमट हवेची क्रीम

माझी धाकटी बहीण पायल इंदिरानगरला योगेशशेठच्या कॉस्मेटिकच्या दुकानात लागली, तेव्हा तिला त्या कामातलं खरोखर कळत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली लोक म्हणतात, फुकट नटायला मिळतं म्हणून पोरगी गेली. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

गिऱ्हाईक कुठल्या गावचं आहे एवढं कळलं की तिला पुरायचं. मनमाडच्या बाईला ती घट्ट, स्निग्ध क्रीम द्यायची, कारण तिकडची हवा कोरडी आणि उन्हाळ्यात झळा लागून कातडी तडकते. घोटीकडच्या बाईला मात्र तसलं काही हातातही घेऊ द्यायची नाही. भाताच्या चिखलात दिवसभर वाकून काम करणारी बाई, अंगावरचा घाम पावसाळाभर सुकत नाही, त्यात तेलकट काही चोपडलं की मानेला घामोळं आणि काखेत नायटे ठरलेले. तिला पायल हलकं जेल द्यायची, घामोळ्यांवर कॅलामाइन द्यायची, आणि वर सांगायची, "मावशी, आधी अंग कोरडं करा. थोडंच लावा. ओलं ब्लाऊज तसंच घालून बसू नका." बाई थोडक्यात सुटायची आणि खूश व्हायची. योगेशशेठ मात्र खूश नसायचा. गिऱ्हाइकाला थोडक्यात सोडणारी मुलगी कुठल्या शेठला आवडते?

मग त्याने ती डबी आणली. पांढरी, प्लास्टिकची, वर कंपनीचं नाव नाही, काय घातलंय ते नाही. तो तिला 'दमट हवेची क्रीम' म्हणायचा. घामाने उतरत नाही, पुरळ दोन दिवसांत बसतं, रंग उजळतो. आणि ती विकायची रीतही त्यानेच शोधली. दुकानात कोपऱ्यात बेसिन होतं. गिऱ्हाइकासमोर पायलने साबणाने तोंड धुवायचं, पांढऱ्या रुमालाने पुसायचं, रुमाल दाखवायचा. रुमाल पांढराच. म्हणजे मेकअप नाही, जे आहे ते चेहऱ्याचंच आहे. मग योगेशशेठ म्हणायचा, "हातच्या कांकणाला आरसा कशाला, वहिनी?" आणि वहिनी डबी घ्यायच्या. अगदी घोटीच्या बायकासुद्धा जेल बाजूला सारून डबीच मागायच्या.

पायल दिवसातून कितीदा तोंड धुवायची कोण जाणे. प्रत्येक वेळी नंतर पुन्हा क्रीम.

खरं सांगायचं तर ती दिसायला लागली सुरेख. कपाळावरची पुटकुळी गेली, गाल काचेसारखे झाले, रंग दोन छटांनी उजळला. आईची तर मान ताठ झाली. माझी आई वत्सलाबाई, रंगावरून कुणी बोललं तर आयुष्यभर भांडत आलेली बाई. पण रविवारी विहारात वंदना संपली की बायकांना सांगायची, "बघा माझी पायल, कशी निघाली!" मला इतका संताप यायचा की मी चपला घालून पुढे निघून यायचे. कशी निघाली म्हणजे? आधी काय मळलेली होती?

पुढच्या मे महिन्यात गाल पेटायला लागले. आधी उन्हात, मग गॅससमोर, मग नुसतं हसली तरी. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव आली. मी तिला ओढतच कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डबी उघडली, वास घेतला, आणि पायलला दिव्याखाली बसवलं. "यात स्टेरॉइड असणार," ते म्हणाले. "कातडी पातळ झालीय. आजपासून बंद. पण ऐका, बंद केल्यावर आधी खूप बिघडेल. काही महिने. तेव्हा घाबरून पुन्हा लावलीत, तर आत्तापर्यंतचं सोसलेलं सगळं वाया."

पायलने बंद केली. आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. चेहरा सुजला, पुवाने भरला, डोळे उघडेनात. उशीचा अभ्रा गालाला चिकटायचा. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी शाळेत क्लार्क आहे. घरी आले की ओलं फडकं बदलायचं आणि तिला बोलत ठेवायचं, एवढंच माझ्या हातात होतं. आई कोरफडीचा गर काढून लावायची. आणि काय सांगू, कोरफड गुणाला आली! चार दिवसांत सूज उतरली, लाली गेली, पायल उठून बसली, भाकरी खाल्ली. मी त्या कोरफडीच्या कुंडीला नमस्कार करायची बाकी होते.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. मी दार ढकललं तर आई ओट्याशी उभी, एका हातात गराची वाटी, दुसऱ्या हातात ती पांढरी डबी. बोटाने क्रीम काढून गरात कालवत होती.

"आई! काय करतेस हे?"

"वरडू नको. निजलीय ती," आई म्हणाली. "ती क्रीम सोडली म्हणून तर तोंड सुजलं ना पोरीचं? मला काय डोळे नाय का? लावल्यावर बरं वाटतंय तिला. तुझ्या डॉक्टरला काय जातंय सांगायला."

मी वाटी मोरीत भिरकावली. आई रडली नाही, नुसती खाली बसून राहिली. तिचं चुकलं होतं असं म्हणवतही नव्हतं, कारण डोळ्यांना दिसत होतं ते तसंच होतं. लावलं की बरं, सोडलं की नरक. पायलला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून झालं. या वेळी ती घरी पडून राहायला तयार नव्हती. "इथे बसून काय करू, आरसा बघू?" म्हणाली, आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून दुकानात गेली. मीही तिच्या मागोमाग गेले. योगेशशेठला चार शब्द सुनवायचेच होते.

"ही डबी घेऊन मी तक्रार करणार आहे," मी म्हटलं.

तो खुर्चीतून हललासुद्धा नाही. "करा ना मॅडम. डबीवर माझं नाव आहे का कुठं? गिऱ्हाइकाला विचारलं की डबी कुणी दिली, तर त्यांना कोण आठवेल? पायलच आठवेल. सगळ्यांनी हिचंच तोंड बघितलंय."

पायलने माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं. "ताई, पाया पडते, तक्रार करू नको. इथून काढलं तर हे असलं तोंड घेऊन मला दारात कोण उभं करील?" मी गप्प बसले. मी, जिच्या जिभेला हाड नाही असं अख्खी वस्ती म्हणते, ती गप्प बसले.

योगेशशेठने तिला मागच्या खोलीत डब्या भरायला बसवलं. पण काउंटर मोकळा पडला, खप बसला. तेव्हा त्याने तिला सरळ सांगितलं. एकतर क्रीम लावून पुन्हा काउंटरवर उभी राहा, नाहीतर दुसरी मुलगी तयार करून दे. दोन्ही जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको. हे तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मी म्हटलं, "सोड ती नोकरी. माझ्या पगारात भागवू." ती मान हलवून मेथी निवडत राहिली. मला वाटलं, पटलं तिला, महिन्याचा पगार हातात पडला की सोडेल.

पुढच्या आठवड्यात तिचा डबा घरीच राहिला म्हणून द्यायला गेले. काउंटरवर नवी मुलगी होती. सावळी, उंच, गालावर तारुण्याच्या चार पुटकुळ्या. घोटीची आरोही. ती बेसिनशी वाकून तोंड धुवायची तालीम करत होती आणि पायल स्कार्फआडून तिला शिकवत होती, "रुमाल असा धर. गिऱ्हाइकाकडे बघून हस." मग पायलनेच डबी उघडली आणि तिच्या पुढे धरली.

डबा काउंटरवर आपटून मी पायलला मागच्या खोलीत खेचलं. "लाज नाही वाटत? स्वतःचं जळलं ते कमी झालं, म्हणून दुसऱ्याच्या पोरीला आगीत लोटतेस?"

"तिने नाही म्हटलं असतं तर मलाच लावावी लागली असती," पायल म्हणाली. "आणि मी काही लपवलं नाही. विचार तिला."

मी आरोहीपाशी गेले. तिच्या बोटावर क्रीम होती, गालाला अजून लागली नव्हती. मी तिचं मनगट पकडलं. "यात काय आहे माहीत आहे का तुला, बाळ?"

"पायलताईंनी सांगितलंय सगळं," ती म्हणाली. "स्कार्फ काढून तोंड बी दावलं. मी इचारलं, असं व्हायला किती टाईम लागतो. त्या म्हनल्या, वरीसभर."

"मग? एवढं कळूनसुद्धा?"

"वरीस लय झालं, ताई. मी पोलीस भरतीची तयारी करते. सकाळी गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर पळायला जाते. खोलीचं भाडं भरायला काम पायजे, आन् दुपारनंतरचं काम दुसरं कुठं भेटत नाय." तिने मनगट हलकेच सोडवून घेतलं. "वरसाच्या आत भरती निघंल. भरतीत तोंड नाय बघत. पळणं बघत्यात."

आणि तिने क्रीम गालाला लावली, पायलने शिकवली होती तशी, खालून वर.