बांधणीखात्यातल्या दोघी

पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसता बसता लंबूने चिमणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"केस पिकले, पण उंची काही वाढली नाही गं तुझी!"

चिमणी खळखळून हसली. पस्तीस वर्षांनी भेटत होत्या. छापखान्याच्या बांधणीखात्यात दोघी शेजारी बसून पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायच्या. खळीचा आंबूस वास, खिडकीतून येणारं तिरपं ऊन, बोटांत सुई आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"कवितासंग्रहात तू लोणच्यांच्या पुस्तकाचा फर्मा शिवलास, आठवतं?" लंबू म्हणाली.

"आणि एकाही वाचकाची तक्रार आली नाही!"

हसता हसता लंबूचं हसू मावळलं.

"मग एक दिवस न सांगता काम सोडून गेलीस. मी अबोला धरला, तो धरलाच."

चिमणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सुपरवायझरने कागदाच्या कोठीत तिच्यावर केलेली जबरदस्ती तिने परवा लंबूला फोनवर चार वाक्यांत सांगितली होती. नवरा गेल्यावर ती एकदा इथे तक्रार द्यायला आली होती. तेव्हा मुदत संपल्याचं चुकीचं सांगून तिला परत पाठवलं होतं. अशा गुन्ह्याला कायद्यात मुदतच नसते हे तिला आता कळलं होतं, आणि ते दिवस पाहिलेलं कुणीतरी सोबत हवं होतं.

आत फौजदार बाईंनी चिमणीचं सगळं लिहून घेतलं. मध्ये एकदाही घाई केली नाही. मग त्या लंबूकडे वळल्या.

"यांनी काम सोडलं ते नक्की आठवतं?"

"हो तर. शाळेच्या पुस्तकांची घाई होती. जागा रिकामी ठेवून चालणार नव्हतं."

"मग यांच्या जागी कोण आलं?"

 लंबूने टेबलाची कड घट्ट धरली.

"माझी धाकटी बहीण," ती म्हणाली. "मीच चिकटवलं होतं तिला. तीन महिन्यांत तिनेही सोडलं. कामचुकार म्हणून मी तिला काय काय बोलले…"

चिमणीचा हात तिच्या पाठीवर गेला. लंबूने तिच्याकडे पाहिलं नाही, पण हात झटकलाही नाही.

मग तिने विचारलं, "बाई, तिच्या तक्रारीलाही मुदत नाही ना?"

"नाही."

लंबूने बहिणीला फोन लावला. पलीकडे घंटा वाजू लागली.

"आधी माफी मागायला हवी," ती पुटपुटली.