पिंपावरचा देव

हणमंतप्पांनी जन्मात कधी पूजेचं फूल विकत घेतलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. आडत दुकानात तुरीचा दाणा इकडचा तिकडं होऊ न देणारा हा माणूस, पण देवाला फुलं मात्र दुसऱ्याच्या कुंपणावरची. पहाटे फिरायला निघताना बंडीच्या खिशात कॅरीबॅग ठरलेली. "चोरीच्या फुलाला पुण्य जास्त," असं ते सांगत. हे कुठल्या पोथीत लिहिलंय, असं त्यांना कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यांच्याही खिशात पिशव्या होत्या. धाराशिवातली टेकडीखालची ती बाग उजाडायच्या आत भादरून निघे, मग दिवसभर तिच्यात नुसती पानं बघायची.

त्या बागेचा वरचा कोपरा शिवलीलानं नगरपालिकेकडून मागून घेतला. ती कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायची. हणमंतप्पांच्याच गल्लीत वाढलेली पोर. लोकांना वाटलं, आता कारंजं येणार. तिनं मात्र होती ती हिरवळ उपटली आणि मुरूम, काळे दगड, कुसळी गवताचं बी आणून टाकलं.

"लोक बागेतले दगड वेचून टाकतेत, ही दगड आणून टाकायली," आप्पा सगळ्यांना सांगत सुटले. "शिकल्याली पोरगी हाय, काय बोलावं!"

शिवलीलाचा हट्ट एका वेलीसाठी होता. कंदीलपुष्प. येडशीकडच्या माळावर पूर्वी ते रग्गड असायचं. कंद गोड, म्हणून काही गुराख्यांनी खाल्ले, काही रानडुकरांनी, आणि उरलेला माळ खडीच्या मशिनीत चालला होता. तिथले थोडे कंद तिनं रीतसर परवानगी काढून बागेत लावले होते. या बाईसाहेब वेलीला हिरवळ चालत नाही, खत चालत नाही, मुळाशी पाणी साचलेलं तर मुळीच नाही. मुरूम पाहिजे आणि चढायला गवताची काडी पाहिजे. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत एकच कंद जगला, आणि श्रावणात त्याला एक फूल आलं.

ते श्रावणी सोमवारी हणमंतप्पांना दिसलं. हिरवट नळी, वर कंदिलाची काच असते तसा फुगा. देव रोज जास्वंद बघून कंटाळला असेल, असं म्हणून आप्पांनी ते खुडलं. तेवढ्यात कॅमेरा घेऊन शिवलीला आली.

"आप्पा, पिशवीत काय आहे?"

आप्पांनी कौतुकानं पिशवी उघडून दाखवली. ती शिव्या देती तर आप्पांनी चार जास्त दिल्या असत्या, सगळं मार्केट यार्ड त्यांनी असंच गप्प बसवलं होतं. ती दगडावर बसली आणि रडायला लागली.

"एकच होतं, आप्पा. बी धरलं असतं तर इथं माळ झाला असता."

"देवालाच तर वाहायलो."

"देवाला फुलांचा तोटा होता का?"

त्या दिवशी पूजेला बसून आप्पांनी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळ्यांसमोर धरलं, पण त्यांची नजर काही वर होईना. ते फूल त्यांनी वाहिलं नाही, टाकलंही नाही. ताम्हणाच्या कडेला सुकून गेलं. आप्पांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळं ती फार लागली.

पुढच्या पावसाळ्यात कंद पुन्हा फुटला. वेल गवतावर चढली, कळ्या धरल्या. आता राखण आपली, असं आप्पांनी ठरवलं. शिवलीलानं 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लावली होती. लोक फुलं तोडताना त्या पाटीलाच पिशवी अडकवायचे. आप्पांनी तोंडानं सांगून पाहिलं, तर मल्लिनाथ म्हणाला, "तुमी सांगायलाव व्हय? चोराच्या उलट्या बोंबा!" मल्लिनाथ त्यांच्याच जोडीचा, पिशवीतला सोबती.

पण चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. फूलचोर सगळं करील, पण एकदा देवाला वाहिलेलं फूल उचलणार नाही. निर्माल्य ते. मग वेलीशेजारी देवच असला तर? तिथं उमललेलं प्रत्येक फूल वाहिलेलंच! आप्पा घरी आले, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावरचा काळा गोटा उचलला आणि त्यावर विभूतीची तीन बोटं ओढली.

"गळ्यात लिंग असताना दगडाचा देव करायलाव?" शिवकांताबाई म्हणाल्या. "आन् माझं झाकण वाऱ्यानं उडंल त्याचं काय?"

"वेलीच्या शेंगा पिकूस्तोर. मग आणून देतो."

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथचा हात फुलाकडं गेला, दगड दिसला, आणि हात वाटेतच वळून छातीशी जोडला गेला. झाडाआड उभ्या आप्पांना हसू आवरेना. फुलं टिकली. हे फूल चिलटांना रात्रभर आत कोंडतं आणि सकाळी पराग माखून सोडून देतं, असं शिवलीलानं समजावलं. "म्हंजे जामिनावर," आप्पा म्हणाले. बाकीची फुलं गळाली, पण एकाच्या मागं शेळीच्या शिंगांसारख्या दोन शेंगा धरल्या. आप्पा रोज त्या बघायला जाऊ लागले, पिशवी न घेता.

इथवर बरं चाललं होतं. मग देवाचं बरं चालायला लागलं.

आधी एक नारळ फुटला. मग सोमवारचं दूध सुरू झालं. कुणाच्या तरी पोराचं लग्न जमलं आणि गोट्याचा मुरमेश्वर झाला. तांब्यांवर तांबे ओतले जाऊ लागले, मुरमात चिखल झाला, वेल बुडाशी पिवळी पडली. त्यात बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या उमाशंकर गुत्तेदारानं जाहीर केलं की चौथरा बांधू, फरशी घालू, वर पत्रा टाकू. वाळू येऊनही पडली.

"आप्पा, कंद कुजायलाय," शिवलीला म्हणाली. "शेंगा अजून कच्च्या आहेत. त्यावर सिमेंट पडलं तर सगळं संपलं."

आप्पा तडक उमाशंकरकडं गेले. "आरं, ती माझ्या पिंपावरचा दगड हाय!"

उमाशंकरनं डोळे मिटून हात जोडले. "धन्य हाव आप्पा! देव तुमच्या पिंपावर परगटला. ती पिंपबी द्या, गाभाऱ्यात ठिवू. संगमरवरावर तुमचं नाव घालतो."

खोटं कशाला बोला, आप्पांना क्षणभर ते नाव डोळ्यांपुढं दिसलं. सोनेरी अक्षरात, खाली गाव. गावात मान होता, पण दगडावर कोरलेला नव्हता. घरी येईपर्यंत ते नाव त्यांनी मनात दोनदा वाचलं. मग ताम्हणाकडं लक्ष गेलं, कडेला सुकलेलं ते फूल आठवलं आणि त्यांची नजर पुन्हा खाली झाली.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी बागेत पोचले. पिशवी घेऊन. देवासाठी जन्मभर फुलं चोरली, आज फुलासाठी देव चोरायचा होता. कुंकवानं लडबडलेला गोटा पिशवीत घातला, चिखलात चर काढून साचलेलं पाणी उताराला लावलं, आणि फाटकातच मल्लिनाथ भेटला.

"लई जड दिसायलीय पिशवी?"

"जास्वंद लई फुललाय आज."

मल्लिनाथ हळहळला आणि पळतच आत गेला.

देव गेल्याची बोंब झाली. सांडलेल्या दुधात लोकांनी पाय दिले, म्हणून देव रुसला आणि येडशीच्या रामलिंगाला निघून गेला, असं शेवटी उमाशंकरनंच सांगितलं. वाळू त्याच्या घरच्या जिन्याला लागली. मुरूम वाळला. दसऱ्यानंतर एका सकाळी शेंगा तडकल्या आणि बियांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या दगडादगडांतून उडाल्या. शिवलीला पुन्हा रडत होती. या वेळी आप्पा तिच्या शेजारच्या दगडावर बसले आणि त्यांनीही डोळे पुसले.

घरी येऊन त्यांनी लिंग तळहातावर घेतलं. नजर आपोआप वर झाली.

"फुलं न्हाईत आज?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"वाहिली की. तिथल्या तिथंच."

बाईंनी देव उचलून बाजूला ठेवला, पिंपातून तांब्याभर पाणी काढलं आणि देव परत झाकणावर ठेवला.