शेपटीचे छर्रे

दाण्याला शेपटी होती. बाजरीहून थोडा मोठा, शिशाचा, काळसर चकाकणारा, आणि एका अंगाला कुणी चिमटीत धरून ओढल्यासारखा. हाजराने तो तळहातावर घेतला, अंगठ्याने फिरवून पाहिला. गोल असता तर केव्हाच निसटून गेला असता. हा फिरला नाही, बोटाला रुतून बसला. तिने तो शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. डबा निम्मा भरत आला होता, आणि अजून ऊनही उंबऱ्याशी पोचलं नव्हतं...

समोर उतरती फळी. सागवानी, तीन हात लांब, एक टोक दोन विटांवर टेकवलेलं. तीस वर्षं शिशाचे दाणे घरंगळून काचेसारखी गुळगुळीत झालेली. वरून मूठभर छर्रे सोडायचे. गोल असतील ते सरसर धावत खाली येतात, फळीपुढची दोन बोटांची फट ओलांडून पलीकडच्या परातीत उडी घेतात. वाकडे असतील ते रेंगाळतात, लंगडतात, फटीत पडतात. एवढंच काम. नवरा, बद्रुद्दीन, छर्रे ओततो, हाजरा निवडते. जोगवाड्यातल्या या दोन खोल्यांतून माल नाशकातल्या बंदुकीच्या दुकानात जातो, तिथून शिकाऱ्यांच्या पिशव्यांत, आणि मग कुठल्याशा तळ्यावरच्या बदकांच्या अंगात... तिकडे हाजराचं मन सहसा जात नसे. बद्रुद्दीनचा छर्रा सरळ जातो असं लोक म्हणतात, एवढं तिला माहीत होतं.

पूर्वी पसाभर मालात दहा-बारा वाकडे निघायचे. रमजानच्या आधी ते वाढले. पहिल्यांदा तिला वाटलं, शिसं भेसळीचं असेल. मग एका सकाळी बद्रुद्दीनने चहाची बशी उचलली आणि ती तोंडापर्यंत पोचायच्या आत कलली. चहा कुर्त्यावर सांडला. भाजलं म्हणून तो ओरडला नाही, बशीकडेही बघितलं नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मनगटापासून खाली हात नुसता लोंबत होता, पाण्यावाचून मान टाकलेल्या रोपासारखा. "हात अवघडला," तो म्हणाला. हाजरा म्हणाली, "रात्री अंगाखाली आला असेल." तेवढ्यावर ते संपलं. त्यानंतर तो बशी डाव्या हाताने धरू लागला, कुर्त्याची बटणं लावायला पाठ फिरवून उभा राहू लागला, आणि तिने दोन्हींकडे बघायचं बंद केलं.

बंद केलं म्हणजे... दिसायचं थांबलं नव्हतं. मला दिसतंय हे त्याला दिसू नये, एवढंच. तो दुपारच्या नमाजाला मशिदीत गेला की ती डबा उचलायची आणि वाकडे छर्रे भंगार शिशाच्या पोत्यात खोल घालायची, वरून फुटक्या पाइपाचे तुकडे पसरायची. पुढच्या खेपेला ते पुन्हा कढईत वितळायचे. परातीत उरायचे ते सगळे गोल. माल कमी भरायचा, पण खोटा जायचा नाही. दुकानदाराने एकदाही तक्रार केली नव्हती.

आणि सोमा...

तिने घाईने मूठभर छर्रे फळीवर सोडले. आवाजात आठवण बुडते, असा तिचा अनुभव होता. आज बुडली नाही.

सोमा दहा वर्षं बद्रुद्दीनचा भाता ओढत होता. अबोल माणूस, कानशिलावरचे केस आगीने करपलेले. कढईतल्या शिशात गवताची काडी बुडवायची. काडी बदामी झाली तर ताव बरोबर, पेटली तर जास्त, पांढरी राहिली तर कमी. सोमाची काडी बदामीच निघायची. ईदेला याच उंबऱ्यात बसून त्याने शीरखुर्मा खाल्ला होता, दोन वाट्या. त्यानंतर आठच दिवसांनी बद्रुद्दीनने फळीखालून ओंजळभर शेपटीचे छर्रे काढून त्याच्यापुढे ओतले. त्या दिवशी डबा लपवायला तिला उशीर झाला होता.

"बघ, तुझ्या आगीचं काम!"

"उस्ताद, काडी दाखवली होती की तुमाला."

"काडी मला शिकवतोस? थंड शिशाला शेपटी फुटते, हे पोरालाही कळतं. उद्यापासून येऊ नको."

हाजरा दारात उभी होती. सोमाने एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे पाहिलं. निवडणारी तीच, दाणे केव्हापासून बिघडले आणि ओतणाऱ्याचा हात कसा चालतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तिने पदर सावरला आणि आत जाऊन चुलीवरचं दूध उतरवलं. दूध उतू जात नव्हतं. तापलंसुद्धा नव्हतं.

"भाभी, हाय का घरात?"

हाजरा दचकली. दारात नवसाबाई उभी होती, सोमाची बायको. डोक्यावर भाजीची पाटी. गंगेवरच्या, गोदाकाठच्या बाजारातून परत निघालेली दिसत होती, पाटीत उरलेल्या मेथीच्या चार जुड्या. तिने त्यातल्या दोन काढून उंबऱ्यावर ठेवल्या.

"हे कशाला?"

"ऱ्हाऊ द्या. कवळी हाय." ती टेकली, पदराने मान पुसली. रागावलेली दिसत नव्हती. तेच हाजराला जड गेलं. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, भांडणात माणसाला आपली बाजू घेता येते...

"सोमा बरा आहे?"

"इगतपुरीला हाय. रेल्वेची खडी फोडतो. इजेच्या गाड्या आल्यापासनं तिथं काम लय, म्हनत्यात." नवसाबाई थोडी थांबली. "परवा एक दिसासाठी आलता. हाताला फोड. म्या म्हनलं, भाता ओढायचं सोपं व्हतं की. तर हात धुवाया उठला. जेवताना मातर म्हनला, उस्तादचा ताव आता कोन बघतंय?"

"मीच बघते."

"तुमी?" नवसाबाई हसली, मोकळं. मग हसू आवरून म्हणाली, "भाभी, एक इचारू? दहा वर्सं बरा व्हता मानूस. एकाएकी आग कशी काय बिघडली त्याची? तो रात रात जागतो त्याच्यावर. म्हनतो, माजंच काय चुकलं आसंल, पर काय चुकलं ते घावत नाय."

हाजराने मेथीच्या जुडीचा सुतळीचा वेढा सोडला, पुन्हा बांधला. सांगावं. आत्ता, इथं, चार शब्द... पण नवऱ्याआधी हिला? आणि ही वाड्यात चार बायकांना सांगणार, मग बद्रुद्दीन मशिदीत जाणार आणि सगळे त्याच्या मनगटाकडे बघणार...

"शिसंच खराब येतंय हल्ली," ती म्हणाली.

"तसं आसंल," नवसाबाई म्हणाली आणि पाटी उचलून निघाली. तिने ते खरं मानलं. सोमाला जाऊन सांगेलही.

दुपारी वारा पडला. वारा नसेल तेव्हाच ओतायचं, असा नेम. वाऱ्याने थेंब एकमेकांना चिकटतात. दोघं वडाळ्याच्या वाटेवरच्या विहिरीकडे निघाली. बद्रुद्दीन पुढे, ती चार पावलं मागे, आणि त्याचा उजवा हात कुर्त्याच्या खिशात, खिशात काही नसताना.

विहीर टाकून दिलेली. साठ हात खोल, तळाशी मचूळ पाणी, प्यायला कुणी नेत नसे. त्या पाण्यात दोराने सोडलेल्या घमेल्यात छर्रे साठायचे, ते मागाहून वर ओढायचे. बद्रुद्दीनचा बाप टोपातल्या पाण्यावर वीतभर उंचीवरून शिसं ओतायचा. त्याच्या छर्ऱ्यांना खळगा पडायचा. बद्रुद्दीनने ही विहीर शोधली. लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा तो तिला टांग्यात घालून इथे घेऊन आला होता — नवी नवरी, विहीर बघायला! झाऱ्यात शिसं ओतून म्हणाला होता, कान दे. आणि खोल, फार खोल, काळोखात पाऊस लागला होता. "थेंब पडता पडता आपोआप गोल होतो," तो म्हणाला होता. "त्याला वाट मोठी द्यायची, आणि आपण हात हलवायचा नाही." तेव्हा त्याचे डोळे कसे दिसले होते! त्याला हे कुणाला तरी दाखवायचं होतं, आणि त्याने तिला निवडलं होतं. लेक नसीम सासरी जाईपर्यंत हाजराने तिला ही गोष्ट पन्नासदा ऐकवली असेल.

चूल पेटली. हाजरा भाता ओढू लागली. शिसं आधी नुसतं बसून राहिलं, मग कडेने ढासळलं, मग एकदम आरसा झालं. बद्रुद्दीनने वरची मळी बाजूला सारून थेंब गोल व्हावा म्हणून हरताळाची पिवळी पूड चिमूटभर टाकली, लसणासारखा वास उठला. दोघांनी तोंड फिरवलं. विहिरीच्या तोंडावर दोन लोखंडी सळया आडव्या, त्यांवर बुंदीच्या झाऱ्यासारखा, पण खोल, मोठा झारा. पळीने शिसं घ्यायचं आणि झाऱ्यात सारख्या धारेने सोडायचं. धार सारखी तर थेंब सुटे. पळी एकदम कलली तर झारा तुंबतो, थेंबाला थेंब चिकटतो, शेपटी फुटते.

हाजराने काडी बुडवली. बदामी.

तिने ती त्याच्यापुढे धरली. त्याने पाहिली, मान हलवली. सोमा गेल्यापासून प्रत्येक खेपेला काडी बदामीच निघत होती आणि प्रत्येक खेपेला शेपट्या वाढत होत्या. आग बदलली, भाता ओढणारा हात बदलला, तरीही. गेल्या खेपेला तो म्हणाला होता, हरताळ शिळा आहे. आज काय म्हणेल?

त्याने पळी भरली. उजव्या हाताने उचलली, डावा हात कोपराखाली लावला. झाऱ्यावर नेली. धार सुरू झाली, बारीक, चांगली, आणि मग मनगट खचलं. हाजराने डोळे मिटले. खालून पाऊस ऐकू आला नाही; ढबढब आवाज आला, ढेकळं पडल्यासारखा.

त्याने पळी पुन्हा भरली. मनगट पुन्हा खचलं. तिसऱ्यांदा भरली तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम नाकावर उतरत होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता — इतक्या निकराने बघत नव्हता की हाजराला भाता ओढवेना. ती उठली. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने आपला तळहात त्याच्या मनगटाखाली लावला.

मनगट हलकं होतं. एवढं हलकं की तिला आधी भीती वाटली. तो हात ओढून घेईल, ओरडेल, शिसं पायावर सांडेल... त्याने काहीच केलं नाही. श्वास तेवढा रोखला. पळी कलली — आता कोण कलवत होतं, तो की ती, ते सांगता आलं नसतं — आणि धार लागली, बारीक, अखंड, आणि खूप वेळाने, खोल काळोखात, बारीक पाऊस सुरू झाला. पळी संपेपर्यंत चालला. दोघं ऐकत उभी राहिली.

"आगीत खोट नव्हती," हाजरा म्हणाली. नवरा-बायकोत इतक्या वर्षांत कधी न काढलेला आवाज होता तो, अगदी साधा.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

बद्रुद्दीनने पळी सळयांवर ठेवली. "त्याला काढलं त्या दिवशीसुद्धा ठाऊक होतं. तू दारात उभी होतीस. तुझ्यासमोर हे छर्रे... तुला कळू नये म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. समोर सोमा होता." त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर घेतला, परक्याचा असावा तसा. "तुला कळलं असतं तर मी काय उरलो असतो, हाजरा?"

आता गप्प बसता आलं असतं. त्याने कबूल केलं होतं, ती ऐकणारी होती. मोठ्या मनाची बायको होऊन आग विझवून घरी जाता आलं असतं. ते किती सोपं आहे हे तिला दिसलं, आणि ते दिसल्यानेच असेल, ती म्हणाली, "मला कळलं होतं. रमजानच्या आधीच. वाकडे छर्रे मी पोत्यात घालत होते."

चुलीतली लाकडं खाली बसली. पलीकडच्या मळ्यात कुणीतरी बैलांना हाकत होतं.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि उत्तर तिच्यापाशी तयार होतं, तीन महिने जपलेलं: तुमच्या इभ्रतीसाठी. ते तिने जिभेवर घेतलं आणि तिथेच थांबली. कारण त्या सगळ्या दुपारी आठवल्या... डबा लपवून परत फळीपाशी बसताना छातीत जे काही व्हायचं, ते नुसतं दुःख नव्हतं. तीस वर्षं लोक म्हणत आले, बद्रुद्दीनचा छर्रा. आणि आता तो सरळ जात होता तो माझ्यामुळे, नुसत्या माझ्यामुळे, आणि हे कुणालाच माहीत नाही याची एक गोडी होती, मिटल्या मुठीत धरलेल्या खडीसाखरेसारखी. सोमाने पाहिलं तेव्हा मूठ उघडायची होती. मी ती घट्ट केली.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

त्याने जोर केला नाही. म्हणाला, "इगतपुरीला जायला हवं. त्याच्या पायाशी बसून सांगायला हवं." मग, "परत येईल तो?"

"आला नाही तरी सांगायला हवं."

"दोघांनी?"

तिने मान हलवली. ती हो होती की नाही, तिला स्वतःलाच कळलं नाही. त्याला त्याची लाज सांगता येईल. ती लाज सगळ्यांना समजेल, सोमालासुद्धा. माझी कोणत्या शब्दांत सांगू? शिसं खराब येतंय, असं आज सकाळीच मी त्याच्या बायकोला सांगून बसले आहे...

कढईतल्या शिशावर पुन्हा साय धरू लागली होती. अजून अर्धी कढई ओतायची होती. हाजरा भात्यापाशी जाऊन बसली, उन्हात डोळे बारीक करून नवऱ्याकडे बघू लागली. त्याच्या हाताकडे बघायची आता चोरी नव्हती, आणि तरीही तिला मोकळं वाटेना. आजवर तिला वाटत आलं होतं की आपण ज्याला चांगुलपणा म्हणतो तो आपल्याला आतून बाहेरून ठाऊक आहे. आता तो कुणा दुसऱ्या बाईचा असावा तसा समोर होता, आणि त्या बाईची ओळख आपल्याला इतक्या उशिरा व्हावी याचं तिला नवल वाटत होतं. भीतीही वाटत होती, पण नवल जास्त.