मागचं दार आपोआप लागतं

चिरंजीवांची नवी गाडी दारात उभी राहिली तेव्हा फोरमनांना आधी वाटलं, शेजाऱ्याने आणखी एक मजला चढवला. गाडीचं नाक त्यांच्या छातीला लागत होतं आणि चेहरा असा, की कोणीतरी तिचा नुकताच अपमान केलाय आणि ती त्याला शोधत निघालीय.

फोरमन छापखान्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं लोटली होती. हाताखाली आता कोणी नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांची स्वतःची गाडी म्हणजे जुनी व्हॅन. साबणाच्या वडीसारखी चौकोनी, बुटकी, बाजूला सरकतं दार. तिच्यात पोरं वाढली, गाद्या-कपाटं वाहिली गेली, एकदा तर अख्खा दिवाण घुसला. पण आता ती टिकून होती ती एकाच कारणासाठी. बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला चढण जमत नसे. व्हॅनमध्ये चढावं लागतच नव्हतं. दाराकडे पाठ करायची, आधी बूड टेकवायचं, मग पाय आत घ्यायचे. कोणाचा हात नाही, कोणाची आर्जवं नाहीत. वाचनालय, डॉक्टर, बाजार, थोरली बहीण, बाई म्हणेल तिथे जात होती.

"बाबा, लाज वाटते हो," चिरंजीव म्हणत. "परवा ऑफिसखाली सोडलंत मला, तर साहेब विचारतो, शाळेची गाडी का?"

"साहेबाला सांग, हो. तुझं शिक्षण अजून चालू आहे."

शेवटी तह झाला. रविवारी सगळ्यांनी नव्या गाडीने मावशीकडे जायचं. आईला त्या गाडीत चढणं-उतरणं जमलं, तर व्हॅन विकायची. नाही जमलं, तर पुन्हा विषय काढायचा नाही.

रविवारी चिरंजीव प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन तयारच होते. आई स्टुलावर चढली. सूनबाईंनी आतून ओढलं, चिरंजीवांनी मागून रेटलं. जिन्यातून कपाट चढवताना देतात तशा सूचना दोघं एकमेकांना देत होती. "थोडं डावीकडे. आता उचल. सोडू नको, सोडू नको!" आई पुढच्या सीटवर पोचली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती समोरच्या काचेतून सरळ बघत होती.

"बघा! जमलं की नाही?" चिरंजीव म्हणाले.

फोरमनांच्या डोक्यात एक सणक गेली. पण सकाळची वेळ, नातवंडं समोर. त्यांनी ती गिळली.

मधल्या रांगेत नातवंडांच्या दोन खुर्च्या पट्ट्यांनी बांधलेल्या आणि त्यांच्यामध्ये सूनबाई. फोरमनांसाठी तिसरी रांग होती. तिकडे जायला वाट डिकीतून.

"सात जणांची गाडी आहे, बाबा," चिरंजीव अभिमानाने म्हणाले.

"हो. त्यातल्या दोघांचा अजून जन्म व्हायचाय," फोरमन म्हणाले आणि चार पायांवर आत शिरले. गुडघे कानांशी आले. चिरंजीवांनी पुढे बसूनच एक बटण दाबलं आणि मागचं दार सावकाश, टुंग टुंग करत, आपोआप लागलं.

वाटेत पेट्रोल पंपावर थांबले. फोरमनांनी बाहेर जायची निकड सांगितली. बटण दाबलं गेलं, दार उघडलं, फोरमन उलटे सरकत उतरले. थोड्या वेळाने दार आपलं आपणच लागलं. परत आले तेव्हा गाडी पंपाच्या फाटकातून मोठ्या रस्त्याला लागत होती. ते ओरडले. धावले. फोन कोटात, कोट गाडीत.

"काका, तुमची गाडी गेली," पंपावरचा मिशाळ माणूस म्हणाला.

"ती माझी नाही. माझी घरी आहे."

"पण माणसं तर तुमचीच होती ना?"

हवा भरायच्या यंत्राशेजारी बाक होता, त्यावर ते बसले. राग आधी कानात आला, मग हातात. व्हॅनमध्ये मागे बसलेला माणूस नुसता खोकला तरी पुढच्याला कळायचं. इथे अख्खा बाप वजा झाला आणि गाडी हलकी झाल्याचंही कोणाला कळलं नाही.

गाडी परत आली ती बऱ्याच वेळाने.

"बाबा, हाक मारायची ना!" चिरंजीव उतरता उतरता गरजले. "मला वाटलं, तुम्ही आत आलात. दार लागल्याचा आवाज आला."

"दार आपोआप लागतं."

"तेच तर म्हणतोय!"

"मांजर आडवं आलं तर तुझी गाडी ओरडते. पट्टा लावला नाही तर ओरडते. बाप राहिला तर?"

"मागे वजन नसलं की ती समजते, तिथे कोणी नाहीच."

"बरोबर समजते. मालकावर गेलीय."

"मला उतरव रे," पुढच्या सीटवरून आई म्हणाली. दार उघडून ती कडेला आली होती. पाय अधांतरी लोंबत होते. ती फोरमनांकडे वळली. "मी याला दोनदा म्हटलं, मागून आवाज येत नाही, थांब. म्हणतो, बाबा रुसले असतील. उतरून बघायचं म्हटलं तर मला उतरता येईना. अरे, उतरव म्हणते ना!"

पुन्हा स्टूल, पुन्हा सूचना. जमिनीवर पाय टेकताच तिने दोघांचे हात झटकले आणि बाकावर जाऊन बसली.

"आता मी यात चढणार नाही. व्हॅन आण."

सूनबाई नवऱ्याकडे बघत होत्या.

"सांग आता," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

"व्हॅन दिली," चिरंजीव बुटाच्या नाडीशी बोलले. "लॉन्ड्रीवाल्याला. आपण निघाल्यावर तो घेऊन गेला. किल्ली पायपुसण्याखाली ठेवली होती. सीटा काढून तो कोट टांगायला दांड्या बसवणार आहे."

"ठरलं काय होतं?" फोरमन उठून उभे राहिले.

"आईला जमलं तर विकायची. जमलंच की!"

"किल्ली कधी ठेवलीस?"

"निघताना, घराला कुलूप लावलं तेव्हा."

"म्हणजे आईला चढवायच्या आधीच."

चिरंजीव स्टूल उचलून डिकीत ठेवायला लागले.

"फोन लाव त्याला. आत्ता. नाहीतर तुझ्या गाडीचं नाकही तुझ्या तोंडासारखं पाडतो."

लॉन्ड्रीवाला व्हॅन घेऊन आला. बिचारा किडकिडीत, घाबरलेला. सीटा अजून जागेवर होत्या, मागे धुतलेल्या चादरींची गाठोडी. आई बाकावरून उठली, काठी टेकत गेली, पाठ फिरवली, बसली, पाय आत घेतले. मग सरकतं दार आतून धाडकन ओढून घेतलं.

"काका, पण आमचा व्यवहार झालाय," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

"गाडी माझ्या नावावर आहे. सही मी केली नाही, करणार नाही. व्यवहार केलेला माणूस तो उभा आहे."

"बाबा, मी शब्द दिलाय त्यांना!"

"मग पाळ. दे तुझी गाडी कोट टांगायला."

लॉन्ड्रीवाल्याने उगाच वाद नको म्हणून गाठोडी काढली आणि नव्या गाडीच्या मागच्या रांगेत एकेक रचली. मागे सरून त्याने पाहिलं.

"कपडे मावतात," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "इथे माणूस कसा बसणार, ते काही कळत नाही." आणि तो आईच्या रिकाम्या सीटवर चढून बसला.

फोरमनांनी चालकाची जागा घेतली. पंप मागे पडला. त्यांना वाटलं, आता ही हसेल, निदान शाबास म्हणेल. आरशात पाहिलं, तर तिचा चेहरा सकाळइतकाच लाल.

"सकाळी गप्प का बसलात?" ती म्हणाली.

"कधी?"

"मला पोत्यासारखी चढवत होते तेव्हा. शब्द नाही फुटला तुमच्या तोंडातून."

"पोरं समोर होती. म्हटलं, कशाला..."

"आणि मग तुम्ही त्या डिकीत शिरलात. स्वतःच्या पायांनी. मला निदान ढकलावं तरी लागलं."

फोरमनांनी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"घरी घेऊ?" त्यांनी विचारलं.

"घरी कशाला? ताईकडेच चला. तो येतोय ना मागून? तिच्यासमोर बोलायचंय मला त्याच्याशी." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "आणि तुमच्याशीही."