एका कार्डाचे दोन धनी

पडघ्याच्या आमच्या गोदामात सासरा आणि सून एकच सर्व्हर सांभाळतात म्हटल्यावर लोक हसायचे. मीही हसायचो. गोदामाचा इनचार्ज मी. भांडण झालंच तर ते माझ्याच टेबलावर येणार होतं.

केसरीनाथभाऊंनी इथलं सगळं नेटवर्क स्वतः उभं केलेलं. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला कोणता पत्ता द्यायचा, हे त्यांनी जुन्या पद्धतीनं एका फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं. पुढे सर्व्हर नवा झाला आणि त्यासाठी त्यांची सून विनिता नोकरीवर आली. तिनं पत्ता देणारं नवं टूल बसवलं, पण भाऊंची फाइल तशीच ठेवली. त्यांच्या घरात सासऱ्यानं मांडलेली वस्तू सून विचारल्याशिवाय हलवत नाही. आणि विचारायचा तिला धीर होत नव्हता. जुनं बंद झालं की भाऊंना नोकरीतून मोकळं करायचं, असं मुख्य ऑफिसनं ठरवलं होतं आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

एका म्यानात दोन तलवारी राहतात का? लाइट जाऊन आली की जुनं आणि नवं, दोन्ही जागी होत आणि एकाच कार्डाला आपापला पत्ता देत. जे मागून येई त्याचं चाले. मग दोघं मुकाट्यानं सगळं परत जुळवत, एकमेकांना शब्दानं दुखवत नसत. मला त्या सभ्यतेचा संताप येई. कडाकडा भांडले असते तर बरं झालं असतं.

मे महिन्यात एका दुपारी अशीच लाइट गेली. आली तेव्हा सर्व्हरला नव्या टूलचा पत्ता बसला. त्यात नेमकं औषधांच्या थंड खोलीतलं कूलिंग लाइट येऊनही सुरूच झालं नाही. तिथलं यंत्र धोक्याचा इशारा जुन्या पत्त्यावर पाठवत राहिलं. तो घ्यायला त्या पत्त्यावर कुणी नव्हतं. झाडायला गेलेली काशी धावत येऊन म्हणाली, "सायब, आत गरम हाय." अंबाडीकडच्या दवाखान्यांना जायचं सगळं इन्सुलिन फेकावं लागलं. तिकडे त्याची वाट बघणारी माणसं होती, हे माझ्या मनातून जाईना.

भाऊ त्या दिवशी टेमघरला साखरपुड्याला गेले होते. विनितानं त्यांना विचारायला फोन उचलला आणि न लावताच परत ठेवला. मग तिनं भाऊंची फाइल काढून टाकली, तोच जुना पत्ता नव्या टूलमध्ये पक्का केला आणि मला मेन स्विच पाडायला लावला. लाइट परत दिली, तरी पत्ता जागचा हलला नाही. काम फत्ते झालं होतं आणि ती रडत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ आल्याआल्या ती उठून उभी राहिली.

"बाबा, तुमची फाइल मी काढली. तुम्हाला न विचारता."

भाऊ स्क्रीनसमोर बसले. फाइलची जागा उघडून बघितली. मग मला म्हणाले, "हापिसात कळवा. जुनं बंद झालं."

"बाबा, मी विचारायला हवं होतं," विनिता म्हणाली.

"न्हाय इचारलंस ते बरं केलंस. इचारलं असतंस तर मी न्हाय म्हनलो असतो. आन् तू माझं ऐकलं असतंस."