सारिकाचं गाऱ्हाणं

दुपारचे अडीच वाजले होते. पुण्याचे सहा पाहुणे जेवून, ढेकर देऊन आपापल्या खोल्यांत आडवे झाले होते. सारिका मागच्या पडवीत बसून संध्याकाळच्या वाटपासाठी नारळ खवत होती. शिरोड्याच्या अलीकडच्या या वाडीत तीन खोल्यांचं होमस्टे चालवायचं म्हणजे घरच्या बाईला पाठ टेकायची सवड मिळत नाही. पाठ टेकतात ते पाहुणे, नाहीतर पाहुण्यांशी गप्पा मारून दमलेला यजमान. इथला यजमान म्हणजे तिचा नवरा सुदेश. आधी होडी घेऊन मासेमारीला जायचा, आता त्याच होडीतून लोकांना डॉल्फिन दाखवतो.

आठ दिवस सुदेशचं काहीतरी बिनसलं होतं. जेवताना गप्प, पाहुण्यांसमोर गप्प. आज तो येऊन पायरीवर बसला आणि मोबाईल उगाच उलटासुलटा करत राहिला.

"काय झाला ता सांगा तरी," सारिका म्हणाली. "धा कामां पडली आसत माजी."

"तो विडियो मी काढून टाकलंय."

"खंयचो?"

"भरल्या बांगड्याचो."

महिन्यापूर्वी होमस्टेची जाहिरात म्हणून त्यानेच तो काढला होता. सारिका चुलीपुढे उभी राहून बांगड्यात मसाला कसा भरायचा ते दाखवत होती. हजारो लोकांनी बघितला म्हणून हाच सुदेश वाडीभर मिरवून आला होता. आता त्याने फोन तिच्यापुढे धरला. व्हिडिओ काढून टाकण्याआधी त्याने खालच्या मजकुराचा फोटो घेऊन ठेवला होता. कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, 'बांगडा मस्त भरलाय. काकूंना भरायचं राहून गेलं वाटतं.' त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत तीन घरं पलीकडे राहणाऱ्या निलेशचं, सुदेशच्या चुलतभावाचंही नाव होतं.

सारिकाने आधी पदर छातीवर ओढून घेतला. शेहेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, स्वतःच्याच पडवीत, स्वतःच्याच नवऱ्यासमोर. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. मग ती पुन्हा खवायला लागली आणि बोट खवणीला लागून रक्त आलं तरी तिच्या लक्षात आलं नाही.

"गोयात एक डॉक्टरीण आसा," सुदेश हळू आवाजात म्हणाला. "असली ऑपरेशनां करता. मी चौकशी केलंय. मी तुज्याचसाठी सांगतंय हां."

या 'तुज्याचसाठी'ची मला भारी चीड आहे. बायकोला चारचौघांत हसले तेव्हा हा गडी निलेशच्या दारात जाऊन एक शब्द बोलला नाही. व्हिडिओ काढून टाकला, आणि आता बायकोलाच बदलून आणायला निघाला. पण खोटं कशाला बोला, सारिकाला तेव्हा त्याची चीड आली नाही. तिला वाटलं, बिचाऱ्याला माझ्यामुळे मान खाली घालावी लागली.

असं वाटायची तिला जुनी सवय होती. खारेपाटणजवळच्या तिच्या माहेरी सुदेशकडची माणसं तिला बघायला आली, तेव्हा तिच्या आईने ब्लाउजला आतून जुन्या लुगड्याच्या दोन घड्या टाचून दिल्या होत्या. "खाली वाकू नको," एवढंच आई म्हणाली. लग्न झालं, आणि तिसऱ्या दिवशी विहिरीवर सासू गोदूबाई शेजारणींना सांगत होती, "आमका फसवून दिल्यानी." घोड्याचे दात बघावेत तशी मुलगी बघायची आणि मग माल खोटा निघाला म्हणून आयुष्यभर तिलाच बोल लावायचा, ही आपली रीत. तेवीस वर्षं सारिका त्या घड्यांचा गुन्हा अंगावर वागवत होती.

बरं, एवढं सोसून तिने केलं काय? लेक अपेक्षा चौदा वर्षांची झाली तेव्हा सावंतवाडीच्या बाजारातून आतून जाड कापूस लावलेले कपडे आणले आणि एक अक्षर न बोलता तिच्या उशीखाली ठेवले. पोरीनेही एक अक्षर न बोलता ते घातले.

गोव्याला दोघं गुरुवारी गेली. घरात सांगितलं, पित्ताचे खडे दाखवायला जातो. डॉक्टरीणबाई साध्या होत्या, मराठी बोलत होत्या. त्यांनी सगळं नीट समजावलं. छातीच्या आत पिशव्या बसवतात, त्या जन्मभर टिकतीलच असं नाही, काही वर्षांनी बदलाव्या लागू शकतात, वेळोवेळी तपासणीला यावं लागेल, महिना-दीड महिना जड उचलायचं नाही.

"मुलांना अंगावर पाजलंत ना?" लिहिता लिहिता त्यांनी विचारलं.

"तिला दूधच नव्हतं," सुदेश म्हणाला.

सारिकाने पदराचं टोक मुठीत पिळलं.

"आणि हे तुम्हाला का करून घ्यायचंय?"

"म्हणजे कसं, डॉक्टर, आमचा पाहुण्यांचा धंदा. चार लोकांत वावरावं लागतं," पुन्हा सुदेशच.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

तो बाहेर गेल्यावर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. "ह्यांनी सांगितलं तेच," सारिका म्हणाली. टेबलावर नमुन्याची पिशवी होती, ती बाईंनी तिच्या हातात दिली. कोवळ्या शहाळ्यातल्या मलईसारखी लिबलिबीत. ती तळहातावर धरून सारिकाला एकदम वाटलं, आपण जांभळा ब्लाउज घातलाय, आत काही कोंबलेलं नाही, आणि कुणाच्याही लग्नात ताठ चाललोय. तिला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हौसेने करून घेणाऱ्या बायका येतात माझ्याकडे, आणि त्यात काही वाईट नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही इथं आल्यापासून एकदाही 'मला' म्हणाला नाहीत. घरी जा. विचार करा. घाई काहीच नाही."

घरी आल्यावर विचार करायला कोण देतंय? पित्ताचं ऑपरेशन ठरतंय हे ऐकून गोदूबाई उठून बसली. मासे विकून विकून कंबरेत वाकलेली म्हातारी, पण घरात शब्द तिचाच. "देवाक ईचारल्याशिवाय ह्या घरातला माणूस सुरयेखाली जावचा नाय," तिने बजावलं. "आयतवारी कौल लावन घेया."

आमच्या भागात हे असं आहे. जमीन घ्यायची, मुलाला परदेशी धाडायचं, ऑपरेशन करायचं, आधी देवाचा कौल. गुरव देवाच्या पाषाणाला फुलांचे कळे चिकटवतो, काम काय ते मोठ्याने देवाला सांगतो, त्याला म्हणतात गाऱ्हाणं, आणि जमलेली माणसं दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मग उजवीकडचा कळा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार.

आणि इथे सुदेशने एक चूक केली. डॉक्टरला, आईला, शेजाऱ्यांना खोटं सांगणारा हा माणूस देवाला खोटं सांगायला घाबरला. पित्ताच्या नावाने कौल घ्यायचा आणि चिरायचं भलतंच, मग काही बरंवाईट झालं तर? रविवारी सकाळी त्याने लवू गुरवाला बाजूला घेऊन कानात खरं काय ते सांगून टाकलं. लवू गुरव सरळ माणूस. देवापुढे काम स्पष्ट सांगायचं, एवढंच त्याला माहीत.

वाडीच्या राखणदाराच्या छोट्या देवळात आठ माणसं जमली. लवू गुरव, सुदेश, गोदूबाई, निलेश आणि त्याची बायको विमला, एक म्हातारा शेजारी, सारिका, आणि सुट्टीला म्हणून सावंतवाडीच्या कॉलेजातून आलेली अपेक्षा. कळे लावून झाले. लवूने हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुज्या लेकरान, सुदेशान, तुज्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या बायलेच्या अंगात, छातीकडे, जा काय उणा रवला, ता डॉक्टराकडसून भरून घेवचा असा तेच्या मनात आसा, म्हाराजा!"

निलेशला खोकल्याची उबळ आली, ती खोकल्याची नव्हती. विमलाने पदर तोंडाला लावला. गोदूबाईने चमकून मुलाकडे बघितलं. मग सवयीने, विस्कळीत आवाजात, सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." आपल्या छातीवर गावाने अशी साथ दिलेली सारिकाने ऐकली. ती खांबाला टेकली आणि मान इतकी खाली घातली की हनुवटी गळ्याला लागली.

लवूने उजवा-डावा मागून घेतला. आता कळा पडेपर्यंत थांबायचं. समईची वात चुरचुरत होती. तेवढ्यात अपेक्षा आईच्या जवळ सरकली. तिची नजर खाली, आवाज अगदी बारीक, पण देऊळ लहान होतं.

"आये, माज्या नावानय आताच ईचारून घे. माजा तुज्यासारख्याच आसा मा. परत कित्याक सगळ्यांक बोलवूचा?"

पोरगी टोमणा मारत नव्हती, त्याचं मला राहून राहून वाईट वाटतं. ती खरंच विचारत होती. बावीस वर्षांची, शिकलेली मुलगी आपल्या अंगातली खोट मान्य करून रांगेत उभी राहिली होती, आणि तिला त्या रांगेत उभी करणारी तिची आईच होती.

सारिकाने मान वर केली.

"लवूकाका, कळे काढा."

"मधीच कशे काढू गो? देवान अजून सांगूक नाय."

"देवाक तुमी खोटा सांगितल्यात. तेचो कौल कसलो घेतास? गाऱ्हाना मी घालतंय."

बाईने गाऱ्हाणं घालायची रीत त्या देवळात नव्हती. सुदेश पुढे झाला, "सारिका, गप रव." ती त्याच्याकडे न बघता पाषाणासमोर जाऊन उभी राहिली. तिने हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा. मी सारिका. माज्या अंगात उणा काय नाय, म्हाराजा."

कोणी साथ दिली नाही.

"ह्या चेडवाच्या, ह्या अपेक्षाच्या वक्ताक माका दूध होता, म्हाराजा. हिच्या असल्या अंगाक खंयचा दूध येतला, म्हणान सासूबायन बाराव्या दिसापासून तेका वरचा दूध घातल्यान. माजो पदर भिजा. मी न्हाणीत जावन दूध पिळून टाकी. दोन म्हयने टाकलंय, म्हाराजा. चेडू भायर रडा आणि मी थंय टाकी. मी तोंड उघडूक नाय, कारण माका लाज वाटा. त्या पापाची लाज माका आज वाटता. अंगाची नाय."

तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा हात जोडले.

"आता माजा चेडू तीच लाज माज्याकडे मागता, म्हाराजा. ती मी तेका देवचंय नाय. उद्या माज्या मनात इला तर मी डॉक्टराकडे आपली आपण जायन, कोणाक ईचारूक येवचंय नाय. पण कोणतरी हसलो, आणि घोवाक लाज वाटली, म्हणान मी सुरयेखाली निजूचंय नाय. इतक्याच माजा गाऱ्हाना, म्हाराजा."

आता रीतीप्रमाणे सगळ्यांनी म्हणायचं होतं. निलेश खिशातला मोबाईल चाचपत होता. विमलाचे डोळे भरून आले होते, पण ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. सुदेश एक पाऊल मागे सरला. मधेच कधीतरी एक कळा गळून पडला होता. उजवीकडचा की डावीकडचा, ते कोणी बघितलंच नाही.

"दोन म्हयने?" गोदूबाईने विचारलं.

"व्हय, आये."

म्हातारी होती तिथेच खाली बसली. कोणाच्याही नजरेला नजर देईना, जमिनीवरच्या शेणाच्या सारवणावर बोट फिरवत राहिली.

"व्हय म्हाराजा," अपेक्षा म्हणाली.

एवढा एकच आवाज आला. लवू गुरवाने नारळ उचलून, न फोडता, सारिकाच्या हातात दिला. एकट्या माणसाच्या साथीवर गाऱ्हाणं पुरं होत नाही, असं तो हळूच म्हणाला, आणि ते खरंच आहे.

त्या देवळात तुम्ही असतात तर तुमच्या तोंडून काय निघालं असतं, ते मला कळवू नका. घरात बायको असेल, लेक असेल, सून असेल. जा आणि तिला सांगा.