समोरच्या बाजूची संमती बाकी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी उभा जन्म ती पायरी चढले, त्यावरून माझ्या शहाणपणाचा अंदाज येईलच. आणि आता चढायची गरज उरली नाही, तर जीव कासावीस होतोय. जित्याची खोड, दुसरं काय!

मी वकील आहे. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, असली कामं. आणि समोरच्या बाजूला बहुतेक वेळा एकच गृहस्थ असायचे. कोर्टात आम्ही समोरच्या वकिलाला 'माझे विद्वान मित्र' म्हणतो. नुसती म्हणायची पद्धत ती, त्यात विद्वत्ता असतेच असं नाही आणि मैत्री तर नसतेच. पण मी ह्या गृहस्थांना मनातल्या मनातसुद्धा तेच म्हणायला लागले. ताईच्या हे फार आधी लक्षात आलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आम्ही दोघी एकत्र राहतो. "आज विद्वान आले होते वाटतं," ती जेवताना म्हणायची. "का गं?" "दोनदा वाढून घेतलंस."

विद्वान मित्र म्हणजे उंच, खांद्यात जरासे वाकलेले, एका कानानं कमी ऐकू येणारे आणि तोंडाचे फटकळ. माझ्याही नाकावर राग. आत आम्ही असे भांडायचो की एकदा न्यायाधीशच म्हणाले, "अहो, घटस्फोट नक्की कोणाचा चाललाय?" पण आत जाण्याआधी बाहेर कॉरिडॉरमध्ये ताटकळावं लागायचं. शिपाई दारात येऊन आमच्या केसचा पुकारा करीपर्यंत भिंतीकडेच्या बाकावर बसून राहायचं. कधी तास, कधी अख्खी सकाळ. ते मशीनचा चहा घेऊन यायचे. मला बिनसाखरेचा, न विचारता. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूची जागा माझी. त्यांच्या सुनेची शिस्त, ताईचे गुडघे, बुटांचे वाढलेले भाव, काय वाट्टेल ते बोलायचो. आणि अधूनमधून, "हे बघा बाई, तुमच्या माणसाला सांगा शाळेची फी भर म्हणावं, मी माझ्या बाईंना समजावतो." अर्ध्या केसेस तिथंच मिटायच्या. त्यांची बायको गेली त्यानंतरच्या पहिल्या तारखेला ते काहीच बोलले नाहीत. चहाही आणला नाही. मी उठून आणला. बस, एवढंच. ह्यापलीकडे आमच्यात कधी काही झालं नाही. कोर्टाबाहेर आम्ही एकदाही भेटलो नाही. माझ्याकडे त्यांचा फोन नंबर होता तोही कागदपत्रांवर छापलेला म्हणून.

मग कोर्टाची ती नवी संगणकप्रणाली आली. आता नवरा-बायकोची केस आधी तिच्याकडे जाते. दोन्ही बाजूंचे वकील आपापले कागद चढवतात, मशीन जुने हजारो निकाल वाचून कोर्ट काय देईल ते सांगतं आणि तडजोडीचा मसुदाच लिहून देतं. दोघांनी 'मान्य'चं बटण दाबलं की न्यायाधीश तो नजरेखालून घालतात, सही करतात, संपलं. मुदतीत दोघांपैकी एकानं जरी दाबलं नाही, तर मात्र केस जुन्या वाटेनं कोर्टात. माणसांनी उभं राहायचं, पुकाऱ्याची वाट बघायची. त्याला अर्थातच काही महिने लागतात.

मी आधी खूप नाकं मुरडली. म्हटलं, हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, मशीनला काय कळतात माणसांच्या घरातल्या गोष्टी? पण खोटं कशाला बोला, मसुदे चांगले निघायचे. लोक लवकर सुटायचे, कमी रडायचे. कोणीही शहाणं माणूस म्हणेल, बरं झालं. मीही म्हणते. तरी ऑफिसात एकटी बसून बटणं दाबताना सारखं वाटायचं, आत्ता इथं शेजारी कोणीतरी खोकायला हवं होतं.

बघता बघता आमच्या दोघांमधल्या सगळ्या केसेस अशा मिटल्या. एक उरली.

त्यातला माझा अशील लिफ्ट दुरुस्त करणारा. हाताला कायम ग्रीसचा वास, बोलणं कमी. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. भांडण त्या दोघांचं, पण मुलगी मधल्यामध्ये बापाला मुकली. त्याला संसार परत नको होता, पैशांचा वाद नव्हता. "बाई, मला पोर भेटू दे," एवढंच त्याचं मागणं. तिचे पुढचे दात पडले होते आणि ते त्याला फोटोत बघावं लागलं होतं. "नवीन यायच्या आत एकदा बोळकं बघायचंय," म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

मशीननं मसुदा दिला. शनिवार-रविवार मुलगी बापाकडे, सुट्ट्या निम्म्या निम्म्या. शनिवारी सकाळी ती पोहायला जाते हे कुठल्याशा कागदात होतं, ते हेरून मशीननं लिहिलं होतं की बापानं तिला तलावावरूनच न्यावं, म्हणजे आई-बापाला एकमेकांच्या दारात उभं राहायला नको. मी इतकी वर्षं हे काम करते, मला सुचलं नसतं. रागच आला मला.

अशील वाचून म्हणाला, "हे झालं तर सोनंच की! दाबा." मी म्हटलं, "बघते जरा नीट."

काय बघणार होते कपाळ! मी दोन दिवस काहीच केलं नाही. कारण एकच. नाही दाबलं तर केस कोर्टात जाणार होती, तो कॉरिडॉर, तो बाक आणि शेजारी ते. शेवटचं का होईना. तिसऱ्या दिवशी अशिलानं फोन केला. "झालं का?" नाही, "झालं का हो?" असं. तो 'हो' लावला त्यानं, भीत भीत. मी शरमले आणि फोन कानाला असतानाच बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं, 'समोरच्या बाजूची संमती बाकी.'

दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही. मला वाटलं, मुलीची आई अडून बसली असणार. पण मुदतीच्या शेवटच्या दुपारी अशील ऑफिसात आला, कामाच्याच कपड्यांत. "बाई, ती तर कधीच हो म्हणालीय. मला तिनं स्वतः फोन केला. म्हणाली, माझ्या वकिलांना मी त्याच दिवशी सांगितलं, तेच म्हणतायत थांबा जरा."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. विद्वान मित्र आणि थांबा? ज्या माणसानं जन्मात कधी स्वतःहून पुढची तारीख मागितली नाही, जो तापानं फणफणलेला असताना येऊन उभा राहिला, तो म्हणतोय थांबा? आधी वाटलं, काहीतरी डाव असेल. मग चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझ्या डोक्यात लख्ख आलं. मी दोन दिवस थांबले होते ते कशासाठी?

त्या क्षणी मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला. इतका की बसवेना. ह्या वयात, बंद ऑफिसात, फायलींच्या मधोमध मी येरझाऱ्या घालत होते आणि आरशात बघून केस सारखे करत होते. आणि वर माझे हात स्वच्छ! मी तर कधीच दाबलं होतं. आता मला काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. संध्याकाळी मुदत संपली असती आणि काही महिन्यांनी शिपायानं आमचं नाव पुकारलं असतं.

काही महिन्यांनी. तोवर त्या पोरीचे दात आले असते.

मी कागदावरचा नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदा.

"कोण?"

"मी."

"बाई? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"बरं कसलं डोंबलाचं! बटण दाबा आधी."

"कुठलं बटण?"

"साळसूदपणा पुरे. तुमच्या अशिलानं हो म्हणून सांगितलंय, मला कळलंय. तासाभरात मुदत संपेल. दाबा."

मला वाटलं, नेमका वाईट कानाला लावलाय फोन.

"तुम्ही दोन दिवस दाबलं नव्हतंत," ते म्हणाले. "मी सारखा उघडून बघायचो. म्हटलं, बाईंच्याही मनात तेच दिसतंय. मग तुम्ही दाबलंत. वाईट वाटलं मला."

मी खुर्चीत बसले. "होतं," मी म्हटलं. "माझ्याही मनात तेच होतं. पण आपल्याला बाकावर बसायचंय म्हणून त्या पोरीनं का बापावाचून राहायचं? तुम्ही सांगा."

"नाही. खरंय. चुकलंच माझं." की-बोर्डचा आवाज आला. माझ्यासमोर स्क्रीन बदलला. दोन्ही बाजूंची संमती मिळाली, मसुदा न्यायाधीशांकडे रवाना. किती पटकन होतं सगळं!

"झालं," ते म्हणाले.

"झालं."

"आता तुमच्याविरुद्ध माझ्याकडे एकही केस नाही, बाई."

"माझ्याकडेही नाही."

"येईल एखादी."

"आली तरी ती मशीनकडेच..."

"हो. तेही आहेच."

त्यांच्याशी काय बोलायचं ते भांडताना मला कधी शोधावं लागलं नव्हतं, आपोआप यायचं. आणि आता 'मग या की घरी' एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, "तब्येतीला जपा." ते म्हणाले, "तुम्हीही." फोन ठेवला. पोटच्या पोराचीही कोणी काढत नसेल इतकी आठवण मी इतकी वर्षं ह्या माणसाची काढली, आणि म्हटलं काय, तर तब्येतीला जपा!

घरी पोचले तोवर सही होऊन आली होती. लगेच अशिलाचा फोन. तो हसत होता की रडत होता कोणास ठाऊक. "शनिवारी तलावावर, बाई! शनिवारी!" मी म्हटलं, "टॉवेल घेऊन जा सुका, पोरं गारठतात." आणि माझाच बांध फुटला.

ताई गुडघे धरत स्वयंपाकघरातून आली. "काय गं? हरलीस?"

"जिंकले."

"मग रडतेस काय?"

सांगितलं तिला सगळं. ती शेजारी बसली. शेवटी म्हणाली, "मग कर की परत फोन."

"काय म्हणून करू? केस संपली. काही कारण नको का?"

"वकील तू का मी?" ताई म्हणाली, आणि फोन माझ्या मांडीवर ठेवून पुन्हा आत गेली.

मी डोळे पुसले. खूप विचार केला. कारण काही सुचलं नाही. मग तसाच नंबर लावला.